माहिती सांभाळायचा खर्च : शून्य ते नऊ हजार रुपये

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवर स्वतःची माहिती सांभाळायला किती पैसे लागतात? एक रुपयाही नाही. फसवणूक झाल्यावर तक्रार नोंदवायला? तोही नाही. एफआयआरची प्रत फुकट, बँकेविरुद्ध लोकपालाकडे जाणं फुकट, नको तो फोटो उतरवून घेणं फुकट. खरा खर्च येतो तो अगदी शेवटी, नुकसानभरपाईचा दावा लावलात तर: तीन लाखांच्या दाव्याला साधारण नऊ हजार रुपये शुल्क. आधार केंद्राचे ७५ रुपये आणि लागलाच तर वकील सोडला, तर त्याआधीच्या कुठल्याही पायरीवर कुणी पैसे मागितले की तो दलाल असतो, नाहीतर दुसरा ठग. गिरगाव, दादर, परळ, लालबागला राहणाऱ्यांनी कुठे जायचं, काय न्यायचं, किती वेळ लागतो, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी अर्धा तास, स्वतःच्या फोनवर

व्हॉट्सॲपपासून सुरुवात करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख नको, लग्नाची तारीख नको. सोबत ईमेल पत्ता द्या, नाहीतर पिन विसरलात की सात दिवस खोळंबा. मग प्रायव्हसी उघडा. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि 'ग्रुप्स' हे तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. शेअर बाजारात दुप्पट पैसे करून देणाऱ्या ग्रुपमध्ये तुम्हाला परस्पर घालतात ते हा तिसरा पर्याय उघडा राहिल्यामुळे. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करण्याची सोयही तिथेच आहे. शेवटी 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा. तुमच्या ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर तिथल्या तिथे लॉग आउट करा.

फेसबुकवर प्रोफाइल लॉक करा. ही सोय भारतात २०२० पासून आहे आणि फुकट आहे. मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवा. तुमच्या नावाने खोटं खातं काढणारा पहिल्यांदा हीच यादी उतरवून घेतो आणि मग तुमच्या मावशीला, शेजाऱ्याला, जुन्या वर्गमित्राला 'अर्जंट पाच हजार पाठव' असे मेसेज जातात. इन्स्टाग्राम खातं प्रायव्हेट करा आणि आधीपासून असलेले अनोळखी फॉलोअर काढून टाका, कारण खातं बंदिस्त केल्याने आधी आत आलेले बाहेर जात नाहीत.

जन्मवर्ष लपवा. याचं कारण फार कमी लोकांच्या ध्यानात येतं. तुम्ही डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. या दोन्ही गोष्टी तुमच्या फेसबुकवर दिसत असतील, तर त्या पासवर्डला काही अर्थ उरत नाही.

ईमेल आणि इन्स्टाग्रामला ऑथेंटिकेटर ॲप जोडा. तेही फुकट मिळतं. सोबत जे बॅकअप कोड येतात ते कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा, फोनमधल्या फोटोंत नको. निळ्या टिकेच्या मागे लागू नका. मेटाची ही सशुल्क सेवा २०२३ मध्ये भारतात मोबाइलवर महिना ६९९ रुपयांनी सुरू झाली. घरगुती खात्याला तिची गरज नाही.

आता सिम. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकलात की तुमच्या नावावर किती जोडण्या चालू आहेत ते दिसतं. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात नऊ सिम चालतात, त्यामुळे दहावं निघेपर्यंत कुणी तुम्हाला विचारायला येणार नाही. न घेतलेला नंबर दिसला तर 'हा माझा नाही' असं तिथेच नोंदवा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

चाळीचा ग्रुप, पुनर्विकासाचे कागद

गिरगावच्या वाड्यांत आणि लालबाग-परळच्या चाळींत सध्या सगळ्यात जास्त कागद फिरतात ते पुनर्विकासाच्या निमित्ताने. भाडेपावती, वीजबिल, रेशनकार्ड, आधार, पॅन, वारसांची नावं, सगळं एका पीडीएफमध्ये करून चाळीच्या ग्रुपवर टाकलं जातं, कारण 'कमिटीने आजच मागितलंय'. त्या ग्रुपवर कोण कोण असतं, हे एकदा मोजा. डोंबिवलीला गेलेले भाडेकरू, विरारला राहणारे त्यांचे मुलगे, एखादा वकील, विकासकाच्या ऑफिसातला मुलगा, आणि ज्याचा नंबर कुणाचा हे आता कुणालाच आठवत नाही असे दोघे-तिघे. आधार, पॅन, सही आणि जुना पत्ता एकत्र मिळाला की तुमच्या नावावर कर्ज काढायला फारसं काही उरत नाही.

त्यापेक्षा असं करा. कागद छापील द्या, कमिटीच्या माणसाच्या हातात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त पुनर्विकास संमतीसाठी', खाली तारीख आणि सही. हे अक्षरांवरून जाईल असं लिहा. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार द्या. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. पहिले आठ आकडे झाकलेले, शेवटचे चार उघडे. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर मात्र केंद्रावर जावं लागेल. त्याचं शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा. पावतीवर ७५ च छापून येतात. तिथून आल्यावर आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करून टाका. तेही फुकट. अडचण आली तर १९४७ वर फोन करा.

ग्रुपवर आधीच टाकून बसला असाल तर 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण दोन दिवसांपर्यंतच चालतं, आणि ज्याने उतरवून घेतलं त्याच्याकडे ते राहतंच. अशा वेळी वर्षातून एकदा तरी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट पाहा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून मागवलात, तर वर्षभर नजर राहते आणि पैसे लागत नाहीत. संकेतस्थळावर महिन्याच्या वर्गणीचं बटण मोठं असतं, फुकट रिपोर्टचं लहान. लहान बटण शोधा.

झेरॉक्सचं दुकान

दादर स्टेशनबाहेर असो की गिरगावच्या नाक्यावर, आता पेन ड्राइव्ह कुणी नेत नाही. 'व्हॉट्सॲपवर पाठवा' असं दुकानदार सांगतो आणि तुम्ही पाठवता. दोन-तीन रुपयांच्या प्रिंटसाठी तुमचं आधार त्या दुकानाच्या फोनमध्ये राहतं, आणि संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आदल्या महिन्यातल्या गिऱ्हाइकांचे कागद तसेच पडलेले असतात. दुकानदार प्रामाणिक असेल. त्याचा संगणक कोण कोण वापरतं हे त्यालाही माहीत नसतं.

मूळ कागद न्या आणि समोर झेरॉक्स काढून घ्या. फाइल पाठवलीच तर प्रिंट हातात आल्यावर काउंटरवर उभ्या उभ्या दोन्हीकडून डिलीट करून घ्या; संगणकावरचीही. दुकानाच्या संगणकावर स्वतःचं व्हॉट्सॲप किंवा ईमेल उघडू नका. उघडलंत तर दुकानाबाहेर पडण्याआधी 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून ते काढा. बिघडलेली प्रिंट तिथल्या टोपलीत टाकू नका, घरी आणा.

हॉस्पिटल, रक्त आणि मदत

परळला केईएम, टाटा, वाडिया. रोज कुणाच्या तरी नातेवाइकांना रक्त हवं असतं, आणि आवाहन फेसबुकवर जातं: रुग्णाचं पूर्ण नाव, वय, आजार, वॉर्ड, बेड, दोन मोबाइल नंबर, वर केसपेपरचा फोटो. काम दोन तासांत होतं. पोस्ट दोन वर्षं फिरते. त्यातल्या नंबरवर मग 'ट्रस्टकडून मदत मंजूर झाली, प्रोसेसिंग फी भरा' असे फोन येतात, आणि ज्याला पैशांची गरज आहे तो अशा फोनला पटकन बळी पडतो.

आवाहनात रक्तगट, हॉस्पिटल, रक्तपेढी, तारीख आणि एक नंबर एवढंच लिहा. केसपेपर टाकू नका. 'हे आवाहन अमुक तारखेपर्यंत' असं लिहा आणि काम झालं की पोस्ट काढा. पैशांची मदत मागायची असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधी जा. तिथल्या अर्जाला शुल्क नसतं. मदत देणारे तुम्ही असाल तर क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव वाचा. रुग्णाच्या किंवा हॉस्पिटलच्या नावाशी ते जुळलं नाही, तर थांबा. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटसाठी गुगलवर पहिला दिसणारा मोबाइल नंबर फिरवू नका.

ओळखीची सोंगं

वीज. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्टची. 'आज रात्री साडेनऊला पुरवठा तोडला जाईल' असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला तर तो बेस्टचा नाही. महानगर गॅसच्या नावाने येणाऱ्या 'बिल अपडेट करा' या मेसेजची तीच गत. बिलावरचा ग्राहक क्रमांक घ्या आणि स्वतः अधिकृत ॲपवर जाऊन थकबाकी पाहा.

चलान आणि लग्नपत्रिका. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. ते तुमचे एसएमएस वाचतं, म्हणजे ओटीपीही वाचतं. वाहतुकीचं चलान महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. एपीके उघडून बसला असाल तर फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा.

गणपती. लालबागच्या राजाच्या दोन्ही रांगा, नवसाची आणि मुखदर्शनाची, फुकट आहेत. 'व्हीआयपी पास' विकणारी इन्स्टाग्रामवरची खाती, घरपोच प्रसादाच्या लिंक, वर्गणीचे फिरते क्यूआर कोड यांवर पैसे पाठवू नका. देणगी मंडळाच्या मंडपातच द्या आणि छापील पावती घ्या. कोकणात निघताना दादरच्या फलाटावरून 'आम्ही चाललो गावाला' हा फोटो टाकायचा मोह आवरा. घर दहा दिवस बंद आहे ही जाहिरात तुम्हीच करता. फोटो परत आल्यावर टाका. तुतारी एक्स्प्रेसच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट तर नकोच, त्यावर पीएनआर आणि घरातल्या सगळ्यांची नावं-वयं असतात. रेल्वेकडे तक्रार करताना पीएनआर आणि मोबाइल नंबर जाहीर पोस्टमध्ये लिहिले की 'रिफंड'वाले फोन सुरू होतात. विलेपार्ल्याच्या एका प्रवासी बाईंचे अशाच पोस्टनंतर सुमारे ६४ हजार रुपये गेल्याची बातमी आली होती.

घर. गिरणी कामगारांच्या घरांसाठी किंवा म्हाडाच्या सोडतीत 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला कागदही देऊ नका आणि टोकनही देऊ नका. म्हाडाने कुणीही दलाल नेमलेला नाही, हे म्हाडा स्वतः सांगत आली आहे.

पोलिसाचा व्हिडिओ कॉल. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही कारवाई कायद्यात नाही. 'सहासष्ट अ कलमाखाली तुमच्या पोस्टवर गुन्हा आहे' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं.

पैसे गेले तर

पहिला फोन १९३०. नातेवाइकांना, मित्रांना, ओळखीच्या हवालदाराला नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जात असतात. ते जिथे सापडतील तिथे गोठवणं हे या क्रमांकाचं काम आहे. फोन करताना समोर हे ठेवा: बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम, बारा आकडी यूटीआर क्रमांक, ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खातं, ठगाचा मोबाइल नंबर. लाइन लागली नाही तर वाट पाहत बसू नका, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर थेट तक्रार भरा. फोन लागला तर तक्रारीचा क्रमांक एसएमएसने येतो, आणि पोर्टलवरची सविस्तर तक्रार २४ तासांत पूर्ण करायची असते. इथे बरेच लोक चुकतात: फोन केला म्हणजे झालं, असं समजून थांबतात.

दुसरा फोन बँकेला. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग बंद करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घाई का, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिवस मोजलेले आहेत. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार रुपये तुमच्या माथी. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा.

बँक यातली एक गोष्ट आपणहून सांगणार नाही. ओटीपी तुम्ही दिलात तरी कळवल्यानंतरच्या क्षणापासून जे पैसे जातील, ते बँकेचं नुकसान. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा, मिनिटासकट. मात्र स्वतःच्या हाताने 'गुंतवणूक' म्हणून पाठवलेले पैसे या परिपत्रकात सहज बसत नाहीत. तिथे १९३० हाच भरवसा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्याच सीएमएस पोर्टलवर होते, शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८. मुंबईचं लोकपाल कार्यालय तुमच्या वाटेवरच आहे: मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर, रिझर्व्ह बँकेच्या भायखळा कार्यालयाच्या इमारतीत.

फोटो, खोटं खातं, धमकी

तुमच्या नावाने खोटं खातं निघालं, तर आधी त्या खात्याची लिंक आणि स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे. मग ॲपमध्येच 'रिपोर्ट' करा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना मुदत घातली आहे: नग्न, अर्धनग्न किंवा जोडून बनवलेले फोटो आणि तोतयेगिरी याबाबत स्वतः पीडिताने तक्रार केली तर आधी २४ तासांत, आणि फेब्रुवारी २०२६ पासून दोन तासांत कारवाई. कंपनीने दाद दिली नाही तर ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करा. त्यालाही खर्च नाही.

खासगी फोटो पसरवायची धमकी असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' हे संकेतस्थळ वापरा. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त आकडी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. फुकट. वय अठराच्या आत असेल तेव्हाच्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन' ही तशीच सेवा आहे. मुलांचा असा फोटो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. तो पाठवणं हाच गुन्हा आहे.

अनोळखी व्हिडिओ कॉलनंतर पैशांची मागणी आली, तर एकही रुपया देऊ नका. पहिल्या पाच हजारांनी कुणी गप्प बसत नाही. पाठोपाठ 'यूट्यूबचा अधिकारी' आणि 'दिल्ली पोलीस' फोन करतात. चॅट पुसू नका, ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. घरातल्या एका माणसाला सांगा. महिला आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८, मुंबई पोलिसांची महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १०३, ज्येष्ठांसाठी १४५६७.

पोलीस ठाणं

गिरगावला व्ही. पी. रोड, लालबागला काळाचौकी, परळला भोईवाडा, लोअर परळला ना. म. जोशी मार्ग, दादर पश्चिमेला दादर किंवा शिवाजी पार्क. मुंबईत २०२१ पासून पाच विभागीय सायबर पोलीस ठाणीही आहेत. पण सुरुवात जवळच्या ठाण्यापासून करा. 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात तक्रार घेतली पाहिजे, मग ती योग्य हद्दीत वर्ग होते. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. काही गुन्ह्यांत नोंदीआधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, म्हणून त्या काळात तगादा लावायचा तो पोच हातात ठेवून. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागा. नकार आला तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा.

सोबत न्या: ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, १९३० चा तक्रार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट, छापलेले स्क्रीनशॉट, खात्याची पूर्ण लिंक, घडलं ते तारीखवार लिहिलेलं एक पान. ज्या फोनवर सगळं घडलं तो फोनही न्या. सायबर गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी करतो, त्यामुळे ते जागेवर कधी असतात हे आधी फोन करून विचारलंत तर एक खेप वाचते. तक्रार देताना 'इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट आधी करून आणा' म्हणून बाहेर कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ते प्रमाणपत्र पुरावा न्यायालयात मांडताना लागतं.

पैसे परत आणि शेवटचा खर्च

रक्कम कुठल्या खात्यात गोठली असेल तर ती सोडवायला दंडाधिकारी न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो. तुमच्या भागात गिरगाव, भोईवाडा आणि दादरचं शिंदेवाडी ही न्यायालयं आहेत. कुठलं, ते तपास अधिकारी सांगतील. वकिलाची फी आधी लेखी ठरवा; 'मिळालेल्या रकमेच्या इतके टक्के' असं ठरवणाऱ्याकडून उठून या, वकिलांना तशी फी लावायची परवानगी नाही. फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो.

दुसरा रस्ता फारसा कुणी वापरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे नुकसानभरपाईचे दावे ऐकतात. २०१३ मध्ये त्यांच्याच आदेशाने पुण्याच्या एका उद्योजकाला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख रुपये द्यायचे ठरले, आणि तो उद्योजक फिशिंगच्या ईमेलला बळी पडलेला होता. शुल्क असं: दहा हजारांपर्यंतच्या दाव्याला दहा टक्के; पन्नास हजारांपर्यंत एक हजार रुपये आणि दहा हजारांवरच्या रकमेचे पाच टक्के; एक लाखापर्यंत तीन हजार आणि पन्नास हजारांवरचे चार टक्के; त्यापुढे पाच हजार आणि लाखावरच्या रकमेचे दोन टक्के. म्हणजे तीन लाखांना नऊ हजार. निकाल शक्यतो चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत लागावा असं नियम म्हणतात. दहा-पंधरा हजारांसाठी हा रस्ता परवडत नाही. बँकेची चूक स्पष्ट असेल आणि रक्कम लाखांत असेल तर परवडतो.

कुणाला पैसे देऊ नका

'हॅक झालेलं इन्स्टाग्राम परत आणून देतो' म्हणणाऱ्याला. व्हॉट्सॲप चोरीला गेलं असेल तर स्वतःच्या सिमवर पुन्हा नोंदणी करा, चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने पिन लावला असेल तर तुम्हाला आत यायला सात दिवस थांबावं लागेल, पण तोपर्यंत त्यालाही ते वापरता येत नाही. 'सायबर सेलमधून पैसे सोडवून देतो, दहा टक्के द्या' म्हणणाऱ्याला. फसलेल्यांची यादी ठगच एकमेकांना विकतात. पोर्टलवर तक्रार भरून द्यायचे पाचशे घेणाऱ्याला. मुलाला किंवा शेजारच्या मुलीला बसवा, अर्ध्या तासात होतं. फोन हरवल्यावर 'आयएमईआयवरून शोधून देतो' म्हणणाऱ्याला. संचार साथीवर पोलीस तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र टाकून फोन बंद करून घेता येतो, फुकट.

आज संध्याकाळी तीन कामं करा. घरातल्या प्रत्येक फोनमध्ये १९३० आणि आपल्या बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक नावाने जतन करा. आई-वडिलांच्या व्हॉट्सॲपला पिन लावा आणि त्यांच्या यूपीआयची दिवसाची मर्यादा गरजेइतकीच ठेवा. आणि संचार साथीवर प्रत्येकाच्या नावावरची सिम मोजा. तिन्हींचा मिळून खर्च शून्य, वेळ माणशी वीस मिनिटं.